न लिहिल्या गेलेल्या ग्रंथाचे कर्ते : ॲलन ह्यूम

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं इतिहासाचें पुस्तक मन लावून वाचलें आहे, त्यांस ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हें नांव राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एकाचें म्हणून ठाऊक असेल. २८ डिसेंबर १८८५ रोजीं मुंबईच्या गोकुळदास तेजपाळ संस्कृत कॉलेजांत सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याची खटपट मुख्यतः ह्यांचीच. (अधिवेशन पुण्यास व्हावयाचें होतें, तेथें पटकीची सांथ उद्भवल्यामुळें तें मुंबईस आलें.) परंतु त्याच वर्षीं ह्यूमसाहेबांच्या आयुष्यांतील दुसरें एक मोठें प्रकरण संपलें, आणि त्याविषयीं शाळेच्या पुस्तकांत सहसा कांहीं आढळत नाहीं. हिंदुस्थानांतील यच्चयावत् पक्ष्यांची साधार माहिती देणारा एक ग्रंथ लिहावा, हा त्यांचा वीस-पंचवीस वर्षांचा संकल्प होता. तो सिद्धीस कां गेला नाहीं, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

ह्यूमसाहेबांचा जन्म १८२९ सालीं झाला. वडील जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटांतील स्पष्टवक्ते सभासद होते, आणि तो गुण मुलांत पुरेपूर उतरला होता. १८४९ सालीं बंगालच्या मुलकी नोकरींत शिरून ते पुढें इटावा जिल्ह्याचे अधिकारी झाले. तेथें त्यांनीं मोफत शाळांचा असा सपाटा लाविला कीं, १८५७ च्या आरंभीं त्यांची संख्या १८१ वर गेली व त्यांत ५,१८६ विद्यार्थी शिकत होते. पक्षी जमविण्याचा नाद इटाव्यासच लागला. १८५७ च्या धामधुमींत साहेबांस आग्र्याच्या किल्ल्यांत आश्रय घ्यावा लागला आणि तो पहिला संग्रह नाहींसा झाला. त्यांनीं पुनः पहिल्यापासून आरंभ केला.

१८६७ सालीं ते अंतर्गत जकातीचे कमिशनर झाले. मिठावरील करासाठीं सरकारनें देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोन हजार मैलांहून लांब जकातीची सरहद्द राखली होती, व तिच्या बऱ्याच भागावर कांटेरी कुंपण होतें. त्या कराविषयीं आमचें मत कांहींहि असो. परंतु सरहद्दीवरील फिरतीमुळें ह्यूमसाहेबांस जें पक्षिदर्शन घडलें, तें एका जिल्ह्यांत बसून घडतें ना.

ह्यापूर्वीं १८६२ ते १८६४ ह्या काळांत डॉ. जर्डन ह्यांचा हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. ग्रंथ उत्तम, परंतु देश एवढा अफाट कीं, कोणता पक्षी कोठें, कोणत्या महिन्यांत आढळतो, घरटें कोठें बांधतो, ह्यांपैकीं पुष्कळच गोष्टी तोंपर्यंत अंधारांत होत्या. एका माणसाचे पाय त्याला पुरणारे नव्हते. म्हणून ह्यूमसाहेबांनीं ठिकठिकाणच्या लष्करी अंमलदारांस, डॉक्टरांस, वनाधिकाऱ्यांस, मिशनऱ्यांस कामास जुंपलें. कातडें कसें सोलावें, त्यास सोमलाचा साबण कसा लावावा, चिठ्ठीवर स्थळ, तारीख, नर कीं मादी, डोळ्यांचा रंग हें सर्व कसें नोंदावें, ह्याविषयीं एक छोटें पुस्तकच त्यांनीं काढलें. १८७२ च्या अखेरीस त्यांनीं ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे इतस्ततः पडलेलीं पिसें, हें नियतकालिक सुरू केलें. नांवांतच हेतु आहे : एकेक पीस येऊं द्या, पुढें पंख होईल.

ह्या पिसांत कांहीं आपल्या प्रांतांचींहि आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे रे. सॅम्युएल बेकन फेअरबँक हे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत उपदेशाचें काम करीत असतां पक्ष्यांचीं टिपणें ठेवीत; खंडाळा, महाबळेश्वर, बेळगांव व नगर ह्या बाजूंस मिळविलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ च्या खंडांत छापली आहे. दक्षिण कोंकणच्या पक्ष्यांची यादी व्हिडाल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यांनीं १८८० सालीं दिली. धर्मोपदेशकानें बंदूक व भिंग बाळगावें, ह्याचें कोणास नवल वाटल्यास त्यांनीं ती यादी एकवार पाहावी.

सिमल्यास जाको टेंकडीवर ‘रॉथनी कॅसल’ ह्या आपल्या घरांत ह्यूमसाहेबांनीं हा सर्व सांठा ठेविला होता. खर्च सारा पदरचा. अंदमानास, लक्षद्वीपांस त्यांनीं सफरी केल्या. १८८१ सालीं मणिपुरांत एका अपरिचित लाव्यासाठीं उंच गवताचीं रानेंच्या रानें कापविलीं. स्वभाव मात्र तापट. दुसऱ्याची चूक दिसली कीं लेखणी सैल सुटे. सरकारशींहि तसेंच. शेती व महसूल खात्याचे चिटणीस असतां वरिष्ठांचे दोष तोंडावर सांगितल्याचा परिणाम असा झाला कीं, १८७९ सालीं त्यांस त्या जागेवरून खालीं उतरविण्यांत आलें. १८८२ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. आतां ग्रंथ लिहिण्यास वेळच वेळ होता.

आणि १८८३ सालीं ते एका प्रवासाहून परत आले, तों वर्षानुवर्षें लिहून ठेविलेल्या हस्तलिखिताचे पुष्कळ कागद जागेवर नव्हते. घरच्या एका नोकरानें ते रद्दी म्हणून विकून टाकले होते! त्या नोकरावर रागावणें सोपें आहे. ज्यास तें लिखाण वाचतां येत नव्हतें, त्याच्या दृष्टीनें तो कागदच होता. पुढें अतिवृष्टीनें दरड कोसळून संग्रहाचीहि हानि झाली. शिवाय ह्या सुमारास थिऑसफीच्या वळणानें साहेब शाकाहारी झाले होते व जीवहत्येस त्यांचें मन घेईना. ग्रंथाची उमेद संपली.

मग त्यांनीं जें केलें, तें आम्हांस त्यांच्या साऱ्या उद्योगांत थोर वाटतें. संग्रह विकला असता तर पैसा मिळता. त्यांनीं तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमास फुकट देऊं केला. म्यूझियमाचा निर्णय होण्यास इतका विलंब लागला कीं, मधल्या काळांत सुमारे २०,००० नमुने किडीनें खाल्ले म्हणून नष्ट करावे लागले. अखेर १८८५ सालीं तेथील शार्प नांवाचे पंडित स्वतः सिमल्यास येऊन, पेट्या भरून तो घेऊन गेले : सुमारे ६३,००० कातडीं आणि १८,५०० अंडीं. ज्या ग्रंथाचें ह्यूमसाहेबांनीं स्वप्न पाहिलें, त्याच्या जागीं १८८९ ते १८९८ च्या दरम्यान ओट्स व ब्लॅनफर्ड ह्यांचे पक्ष्यांवरील चार खंड आले, आणि त्यांस ह्या कातड्यांचा मोठा आधार झाला. घरट्यांविषयीं व अंड्यांविषयीं जीं टिपणें वांचलीं होतीं, तींहि त्यांनीं ओट्स ह्यांच्या स्वाधीन केलीं.

त्या पेट्यांतील एका चिमुकल्या वटवट्याची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८६७ सालीं सतलजच्या खोऱ्यांत रामपूरजवळ ह्यूमसाहेबांस तो मिळाला. चोंच नेहमींपेक्षां मोठी, म्हणून त्यांनीं त्यास वेगळी जात ठरविलें. पुढें कित्येकांस शंका आली कीं, ही वेगळी जात नसावी. ह्या शतकाच्या आरंभीं त्याच कातड्याच्या डी. एन. ए. परीक्षेनें ह्यूमसाहेबांचें म्हणणें खरें ठरलें. आणि मार्च २००६ मध्यें थायलंडांत तो पक्षी जिवंत सांपडला, म्हणजे १३९ वर्षांनीं.

पक्षी सोडल्यावर ह्यूमसाहेबांनीं उतारवयांत वनस्पतींचा ध्यास घेतला. १८९४ सालीं ते इंग्लंडास परत गेले, आणि १९१० सालीं स्वतःच्या पैशानें दक्षिण लंडनांत वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली, ती अद्याप चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजीं, त्र्याऐंशीव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.