मुलांच्या खोल्या झाडणारे साने गुरुजी

अमळनेर : छडी गेली आणि मास्तरांचा धाकच संपला, असं गावोगावी पारावर बोललं जातं. त्यांनी साने गुरुजी जरूर आठवावेत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडचा. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. त्या काळी छडी म्हणजे शाळेतली नेहमीचीच गोष्ट. गुरुजींनी वेगळी वाट धरली. पोरांनी खोली झाडली नाही की ते स्वतःच झाडायचे, पसारा आवरायचे, कपडेसुद्धा धुवायचे. पोरं ओशाळायची अन् आपणहून कामाला लागायची. मुलांसाठी ते हातानं लिहून छात्रालय दैनिकही काढायचे.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ११ जून १९५० रोजी ते गेले.

आज शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं, शाळेत मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रासही द्यायचा नाही. हा कायदा २०१० मध्ये लागू झाला. मायेनं पोरं वळतात, हे अमळनेरच्या वसतिगृहानं त्याच्या ८० वर्षं आधीच पाहिलं होतं.