जेन एलन हॅरिसन : विधीकडून दैवतकथेकडे

ग्रीक धर्म म्हणजे होमरच्या महाकाव्यांतील ऑलिंपसवासी देवदेवता, अशी एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य विद्वानांची धारणा होती. तिला मुळातून आव्हान देणाऱ्या अभ्यासकांत जेन एलन हॅरिसन यांचे स्थान अग्रभागी आहे.

हॅरिसनबाईंचा जन्म १८५० साली यॉर्कशायरमधील कॉटिंगहॅम येथे झाला. १८७४ ते १८७९ या काळात त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात अभिजात भाषांचे अध्ययन केले. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियममधील ग्रीक कलावस्तूंवर त्यांनी व्याख्याने दिली. चित्रांकित कुंभांच्या या परिचयातूनच ग्रंथबाह्य साक्षीचे मोल त्यांना उमगले. लंडनमधील पुरातत्त्वाच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी १८८८ व १८९६ मध्ये अर्ज केले; दोन्ही वेळा ते पद पुरुषाकडे गेले. १८९८ मध्ये त्या न्यूनहॅमला परतल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

१९०३ च्या ‘प्रोलेगोमेना’ या ग्रंथात त्यांनी देवतांऐवजी अथेन्सच्या उत्सवांपासून आरंभ केला. अँथेस्टेरिया हा नावाने डायोनिससचा मद्योत्सव. परंतु त्यात लोक काटेरी झुडपाची पाने चघळत, दारांना डांबर फासत आणि अखेरीस प्रेतात्म्यांना घराबाहेर घालवीत. डायासिया या उत्सवात झ्यूसच्या नावाआड त्यांना सर्परूपी भूदैवत दिसले. देवाला प्रसन्न करण्याआधी अनिष्टाचे निवारण करणारा यातुविधी होता, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९१२ च्या ‘थेमिस’मध्ये द्युर्केमच्या समाजशास्त्राचा आधार घेऊन त्यांनी विधीला समूहभावनेचा आविष्कार मानले. दैवतकथा ही विधीची शब्दरूप बाजू होय, ही त्यांची भूमिका. त्याच ग्रंथात गिल्बर्ट मरे यांनी शोकांतिकेचे मूळ संवत्सर-दैवताच्या मृत्यु-पुनरुत्थानाच्या विधीत शोधले. १९२७ मध्ये पिकर्ड-केंब्रिज यांनी या उपपत्तीतील पुराव्याची उणीव दाखवून दिली. प्रत्येक कथेमागे विधी असतोच, हे आज कोणी मानत नाही.

१९२२ मध्ये केंब्रिज सोडताना हॅरिसनबाईंनी आपली कागदपत्रे जाळली. त्यामुळे चरित्रकाराला १९२५ च्या त्यांच्या छोटेखानी आठवणींवर बरेच विसंबावे लागते. १९२८ मध्ये त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. त्यांची उपपत्ती मागे पडली, पद्धती मात्र टिकली. लोक काय मानत होते हे विचारण्यापूर्वी ते काय करीत होते हे पाहावे, हा त्यांचा आग्रह गोंधळ-जागरणासारख्या विधिनाट्यांच्या अभ्यासकालाही परका वाटू नये.