वाल्देमार हाफकिन : लस आणि विश्वास

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? पण ज्यांचे नाव या संस्थेला आहे ते हाफकिन कोण, असे विचारले तर पुष्कळांना ते कोणी इंग्रज डॉक्टर असावेत असे वाटते. ते इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात १८६० साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेले ते प्राणिशास्त्रज्ञ होते. धर्म बदलला असता तर तिकडेच बढती मिळाली असती. ते त्यांनी केले नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८८९ मध्ये त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात! फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी पटकीची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मला मात्र त्यांच्या चरित्रातील मुंबईचे पर्व सर्वांत महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. सरकार घाबरले आणि घाबरलेल्या सरकारने लोकांना अधिक घाबरवले. रोग्यांना बळाने इस्पितळात नेऊ लागले. तेथे माणसांना मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात, अशी वदंता पसरली आणि ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आज आपण अशा वदंतेला हसतो. पण ज्याच्या घरातले माणूस शिपाई उचलून नेतात आणि ते परत येत नाही, त्याने दुसरे काय समजावे?

अशा वातावरणात हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर कामाला लागले. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागे. गाय किंवा डुक्कर यांचे मांस वापरले तर लोक लस शिवणार नाहीत, हे ओळखून बोकडाचे मांस घेतले आणि रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली जंतूंची वाढ लोंबत असे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेहून मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. सडकून ताप आला, तरी ते कामावर होते. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना रोग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

पण आकड्यांनी मुंबई हलली असे मला वाटत नाही. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला आणि चारचौघांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. (२०२१ साली करोनाची लस आली तेव्हा माझ्या आजीनेही आकडे विचारले नव्हते, आपल्या डॉक्टरांनी घेतली का, एवढेच विचारले होते.) त्याच वर्षी पुण्यात रँड यांचे सोजीर घराघरांत शिरत होते, सामान बाहेर काढून जाळत होते. जूनमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग एकच, सरकारही एकच. फरक होता तो दारावर थाप मारणाऱ्या हाताचा. हाफकिन यांची लस ऐच्छिक होती, तरी त्या हाताची भीती तिच्याही वाट्याला आलीच.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातल्या या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे निष्पन्न झाले. चौकशी समितीने मात्र दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन पदावरून गेले. परका, ज्यू, वैद्यकीची पदवी नसलेला माणूस वरिष्ठ गोऱ्या डॉक्टरांना आधीपासूनच खुपत होता, हे विसरून चालणार नाही. लोकांनी विश्वास ठेवायला वेळ घेतला. सरकारने तो काढून घ्यायला अजिबात घेतला नाही. इकडे पंजाबात टोचणीची मोहीम कोलमडली आणि पुढच्या काही वर्षांत तेथे प्लेगने लाखो माणसे गेली.

रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. परंतु परळची जागा भरलेली होती. ते कलकत्त्याला परतले आणि पुढे निवृत्त होऊन युरोपात गेले. मुंबईच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. १९३० च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.