प्लूटोच्या आधीचा ‘ब्रह्मा’

ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. शिक्षण खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी ग्रहगणिताचा ध्यास घेतला. सोळाव्या शतकातील ‘ग्रहलाघवा’वर बेतलेली पंचांगे, शतकानुशतके साचलेल्या सूक्ष्म फरकांमुळे, प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. पाश्चात्त्य वेधांच्या आधारे केतकरांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ रचून नवे गणित दिले.

युरेनसच्या कक्षेतील विचलनावरून, गुरुत्वाकर्षणाच्या गणिताने, १८४६ मध्ये नेपच्यून सापडला होता. केतकरांनी निराळी वाट धरली. गुरूच्या उपग्रहांच्या भ्रमणकाळांत लाप्लासला आढळलेले प्रमाण त्यांनी ग्रहांना लावले आणि १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडील दोन ग्रहांचे भाकीत केले. पैकी ‘ब्रह्मा’चे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, तर भ्रमणकाळ सुमारे २४२ वर्षे निघाला. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे हेच आकडे ३९.५ पट व २४८ वर्षे आहेत. दुसरा ग्रह, ‘विष्णू’, मात्र सापडला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणांत प्लूटोच्या दोन होतात, हे पुढे १९६० च्या दशकात संगणकीय गणिताने स्पष्ट झाले. भ्रमणकाळांच्या प्रमाणावरील केतकरांची भिस्त अगदीच अनाठायी नव्हती.