यात्रेत फोन का लागत नाही? शंभर वर्षांपूर्वी उत्तर शोधणारे एर्लांग कोण होते?

जतच्या यल्लमादेवीची यात्रा असो की गावची जत्रा, गर्दी वाढली की रेंज फुल दिसते, पण कॉल लागत नाही. कारण एका वेळी किती कॉल चालू शकतात, याला मर्यादा असते. ही मर्यादा किती ठेवावी, याचे गणित डेन्मार्कच्या आग्नेर क्रारूप एर्लांग यांनी मांडले.

मास्तरांचा मुलगा

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते. शिष्यवृत्तीवर कोपनहेगन विद्यापीठात शिकून १९०१ मध्ये त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि सात वर्षे शाळांमध्ये शिकवले. गणितज्ञांच्या संघटनेत त्यांची ओळख कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता योहान येन्सन यांच्याशी झाली. १९०८ मध्ये ते त्याच कंपनीत रुजू झाले.

प्रश्न काय होता?

लाइन कमी ठेवल्या तर ग्राहक ताटकळतात, जास्त ठेवल्या तर पैसा वाया जातो. मोजमापासाठी एर्लांग शिडीवाला कामगार सोबत घेऊन स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरत. कोण कधी फोन करेल हे सांगता येत नाही, तरी एकूण कॉलना संभाव्यतेचा नियम लागू होतो, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ मध्ये त्यांचे प्रसिद्ध सूत्र आले.

हिशेब समजून घ्या

सर्वाधिक गर्दीच्या तासात ६० कॉल आले आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटांचा असेल, तर एकूण १८० मिनिटे, म्हणजे ३ तास होतात. मग ३ लाइन पुरतील? नाही. कॉल रांगेने येत नाहीत, एकदम येतात. एर्लांग यांच्या सूत्रानुसार ३ लाइनवर १०० पैकी सुमारे ३५ कॉल लागणार नाहीत. ८ लाइन असतील, तर हे प्रमाण एकाच्याही खाली येते. म्हणूनच दिवसभराची सरासरी नव्हे, गर्दीचा तास मोजावा लागतो.

नाव आजही वापरात

एर्लांग अविवाहित होते. सुमारे २० वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये टेलिफोनवरील भार मोजण्याच्या एककाला ‘एर्लांग’ नाव मिळाले. वरच्या उदाहरणातला भार ३ एर्लांग आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला गेला, तिचे नावही एर्लांगच.