आगबोटीचा कारागीर : अर्देशिर खरशेटजी वाडिया

जुनी माणसं बोटीला आगबोट म्हणायची. आगीवर चालते ती आगबोट. पूर्वी आपल्या महाड भागातली माणसं मुंबईला जायची ती दासगाव बंदरातून, सावित्रीच्या खाडीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेला आले, तेही मुंबईहून बोटीने येऊन 25 तारखेला दासगावलाच उतरले.

पण आगीवर बोट चालते कशी? ही विद्या ज्या हिंदी माणसाने हौसेने शिकून घेतली, त्याची ही माहिती.

अर्देशिर खरशेटजी यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1808 रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे वाडिया, म्हणजे जहाजे बांधणाऱ्यांचे. पणजोबा-खापरपणजोबांपासून मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधायची हा घरचा धंदा. त्या गोदीत 1817 साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात अजून जपून ठेवले आहे. एवढी त्यांच्या हाताची कीर्ती! अर्देशिरही चौदाव्या वर्षी गोदीत कामाला लागले.

ती जहाजे शिडाची होती. वारा पडला की जहाज थांबले. इंग्लंडात तेव्हा वाफेची इंजिने चालत होती. अर्देशिरना त्यांचे वेड लागले. त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचे लहान इंजिन तयार केले आणि त्याने विहिरीचे पाणी वर काढून दाखवले. 1833 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ नावाची लहानशी बोट पाण्यात सोडली. तिच्यात पुढे वाफेचे इंजिन बसवले. 1834 साली माझगावच्या आपल्या घरी त्यांनी गॅसचे दिवे लावले. मुंबईकरांना ते मोठे नवल होते.

आता वाफेचे इंजिन कसे चालते ते बघू. त्यासाठी लांब जायला नको, आपल्याकडचा तांब्याचा बंब बघा. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. बोटीच्या बॉयलरमध्येही असेच असते, फक्त तो फार मोठा आणि लोखंडी.

उष्णता तीन वाटांनी जाते. बंबातला जाळ नळीचा पत्रा तापवतो आणि उष्णता पत्र्यातून आरपार पाण्याकडे जाते, याला वहन म्हणतात. पळी आमटीत ठेवली की दांडा चटका देतो, तेही वहन. पत्र्याजवळचे पाणी तापून हलके होते, वर जाते आणि वरचे गार पाणी खाली येते. हे अभिसरण. भाताच्या आधणात तांदूळ वरखाली होतात ते यामुळेच. आणि शेकोटीपुढे बसले की समोरून तोंड भाजते पण पाठ गारच राहते, ते प्रारण. त्याला मध्ये काही लागत नाही. सूर्याची उष्णता आपल्याकडे अशीच येते.

पाणी 100 अंशांना उकळते. मग कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यात तापमान पुढे चढत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला 1 कॅलरी लागते, पण 1 ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला 540 कॅलरी लागतात! म्हणून तर वाफेचा चटका वाईट. आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 पट जागा मागते. कोंडली तर ढकलते. ते ढकलणे इंजिनात नेले की दट्ट्या हलतो, चाक फिरते, बोट चालते.

पण यात धोकाही फार. त्या काळी बोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी घालत. पाणी आटले की मिठाचा थर पत्र्यावर बसे. त्या थरातून उष्णता नीट जात नाही. पाणी तापेना आणि पत्रा मात्र लाल होई. पत्रा फाटला तर माणसे मरत. म्हणून खारे पाणी वरचेवर बाहेर सोडावे लागे, थर खरवडावा लागे. उष्णतेची वाट अडली की तीच उष्णता घात करते, हे यंत्र चालवणाऱ्याला समजलेच पाहिजे.

हे सगळे पक्के शिकायला अर्देशिर 1839 साली इंग्लंडला गेले. तिथले कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले, रोजनिशी लिहिली आणि 1840 साली ती छापली. 27 मे 1841 रोजी त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. दुसरे रामानुजन, तेही 1918 साली!

1841 सालीच मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली गोरे कारागीरही होते. राज्य इंग्रजांचे, आणि हिंदी माणसाचा हुकूम गोऱ्यांनी ऐकायचा! ही साधी गोष्ट नव्हती. पण काम येणाऱ्याला काम आले. 1857 साली ते निवृत्त झाले. पुढे 1861 मध्ये सिंधू नदीवरच्या बोटींचे काम पाहायला ते सिंधमध्ये कोटरीला गेले. 16 नोव्हेंबर 1877 रोजी इंग्लंडात रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. 1969 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

मित्रांनो, अर्देशिरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचा चांगला चालता धंदा होता. नवीन शिकले नसते तरी पोट भरले असते. पण लाकडाच्या कामात मुरलेल्या घरातला हा मुलगा जाळ, पाणी आणि लोखंड शिकला. आपणही घरात बंब किंवा चूल पेटली की आईला किंवा आजीला विचारू या : उष्णता कुठून आली, आणि कोणत्या वाटेने गेली? आलेल्या पालकांनीही सांगावे.