डॉ. हॅरोल्ड मॅन : जमिनीच्या पोटातील कारणांचा शोध

डॉ. हॅरोल्ड हार्ट मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. चहाच्या लागवडीवरील संशोधनासाठी ते भारतात आले आणि १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या काळी नीरा खोऱ्यातील शेतकऱ्यांपुढे एक विचित्र संकट उभे होते. कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे फुलले. परंतु पुढे अनेक ठिकाणी काळ्याभोर जमिनीवर पांढरा थर दिसू लागला आणि पीक उगवेनासे झाले.

खाडीकाठची जमीन भरतीच्या पाण्याने खारावते, हे आपल्या कोन-कल्याण परिसरात सर्वांस ठाऊक आहे. नीरेकाठी समुद्र कोठला? मग क्षार आले कोठून? मॅन यांनी आपले सहकारी ताम्हणे यांच्यासह या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला.

या संकटाच्या मुळाशी केशाकर्षण होते. पाण्याच्या कणांना काचेची वा मातीची ओढ परस्परांच्या ओढीहून अधिक असते. म्हणून पाणी अरुंद नळीच्या भिंतीस बिलगून वर सरकते. त्याचा पृष्ठभाग खोलगट होतो आणि पृष्ठताण खालचे पाणी वर ओढतो. चढलेल्या पाण्याचे वजन या ओढीइतके झाले की चढण थांबते. नळी जितकी बारीक, तितकी चढण अधिक : एक मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर त्याच्या दशांश व्यासाच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. काळ्या मातीतील पोकळ्या अतिसूक्ष्म असतात. अतिसिंचनाने भूजलाची पातळी वर आली की ते पाणी या वाटांनी पृष्ठभाग गाठते. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. वरचा थर खरवडून हा रोग हटत नाही. चर खोदून निचरा करावा लागतो, भूजलाची पातळी उतरवावी लागते.

दिसणाऱ्या लक्षणाखालचे कारण मोजून पाहण्याची हीच वृत्ती मॅन यांनी समाजाच्या अभ्यासातही जपली. पुणे शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या स्थितीवर त्यांनी १९१२ साली निबंध लिहिला. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. अठराव्या शतकात सरासरी ४० एकरांची असलेली तेथील शेतजमीन त्यांच्या काळापर्यंत सुमारे ७ एकरांवर आली होती, आणि गाव कर्जात बुडाले होते. गावाच्या दारिद्र्याचे खापर गावकऱ्यांच्या स्वभावावर फोडणे सोपे होते. मॅन यांनी मात्र घरोघरचा हिशेब मांडला.

पुढे ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. मायदेशी परतल्यावरही वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९६१ साली त्यांचे निधन झाले. दुःखाचे कारण शोधल्यावाचून दुःखनिवारणाचा मार्ग सापडत नाही, हे ज्या परंपरेत लहानपणीच शिकविले जाते, तिच्या विद्यार्थ्यांना या माणसाची कार्यपद्धती परकी वाटणार नाही.